नव्या मशीनमध्ये जुना एक्सपी

प्रश्न : ताई, नारायण पेठेत माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टात. फॉन्टाला यूएसबीचं डोंगल, म्हणजे परवान्याची खोचायची किल्ली, लागतं. सगळं विंडोज एक्सपीवर, आणि ते मशीन हल्ली दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही. मुलाने विंडोज ११ चं मशीन आणलंय, पण त्यात फॉन्टचं सॉफ्टवेअर बसतच नाही. तो म्हणतो, ‘युनिकोडात, म्हणजे हल्लीच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, परत टाइप करा.’ दोन्ही एकाच मशीनवर चालतील का?
– एक पत्रिकावाले

उत्तर : काका, चालतील. पण आज दुकान बंद करायच्या आधी त्या म्हाताऱ्या मशीनमधल्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फॉन्टची सीडी आणि सीरियल नंबरचा कागदही शोधा. बाकीचं उद्या.

मुलगा चुकीचं सांगत नाही, पण त्याने हजारभर पत्रिका मांडलेल्या नाहीत. जुन्या फॉन्टातलं युनिकोडात बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, तरी जोडाक्षरं बिघडतात, ओळी सरकतात, आणि ‘चि. सौ. कां.’ प्रत्येक फाइलीत डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं.

व्हर्च्युअलबॉक्स हे ओरॅकलचं फुकट सॉफ्टवेअर नव्या विंडोजच्या आत एक लटकं मशीन उभं करतं. त्यात एक्सपी बसवायचा. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखा तो राहतो : १ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत खूश. एक्सपीची सीडी आणि ‘की’, म्हणजे त्याचा परवाना नंबर, मात्र हवी. मशीनसोबत आलेली ओईएम की त्याच मशीनपुरती असते, तेव्हा वेगळी लागेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये स्टोरेजखाली कंट्रोलर, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, जुनी आयडीईच ठेवा. नवी साटा निवडलीत तर एक्सपीच्या सेटअपला डिस्कच दिसत नाही.

सगळं बसलं आणि तरी रखडत चाललंय असं वाटलं, तर खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसतं का? थट्टा नाही, खरंच कासवाचं चित्र असतं. त्याचा अर्थ, लटकी मशीनं चालवायची विंडोजची स्वतःची हायपर-व्ही व्यवस्था आडवी आली आहे. विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करून मशीन रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा ते जातं. ही सुरक्षेचीच सोय आहे, म्हणून मुलाला विचारून करा.

खरी मेख डोंगलची. एक्सपीकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडा आणि डोंगलचा फिल्टर टाका, म्हणजे ते आपोआप एक्सपीला मिळेल. एक्सपी सुरू झाला की डोंगल बाहेरच्या विंडोजमधून गायब होईल. घाबरू नका, ते आत गेलंय. फॉन्टवाल्यांना आधी एक फोन मात्र करा, कारण काही डोंगलं असल्या लटक्या मशीनमध्ये चालूच नयेत अशी बनवलेली असतात.

एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षा अपडेट नाहीत. तेव्हा त्याचं नेटवर्क बंदच ठेवा. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअपवर पाठवलेला मजकूर बाहेरच्या विंडोजमध्ये उघडायचा. नव्या प्रिंटरला एक्सपीचा ड्रायव्हर मिळणं मुश्कील. पेजमेकर ७ सोबत डिस्टिलर हे पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर आलं असेल, त्यातून पीडीएफ काढा आणि बाहेरून छापा.

आता माझी फजिती. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाला मशीन होतं तसं गोठवून ठेवणं. सोमवारी घेतला, गुरुवारी काही बिघडलं म्हणून ऐटीत मागे गेले, तर मधल्या तीन दिवसांत आत सेव्ह केलेली पानंही गेली. रात्री जागून परत लावली. म्हणून कामाच्या फाइली शेअर्ड फोल्डरमध्ये, म्हणजे नव्या विंडोजच्या डिस्कवरच ठेवा.

हे सगळं तुळशीच्या लग्नाच्या आत उरका. पुढे तुम्हाला फोन उचलायलाही सवड नसणार.