डोळ्यांचा रंग की डोळ्यांतले साम्य?

या वेळच्या टपालात तीन पत्रे एकाच विषयाची निघाली. जिवापाड आवडलेल्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट येतो, तेव्हा वाचकाने त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, असा तिन्ही पत्रांचा सूर आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न मुळाशी जाणारा असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. कथांचे शेवट सांगितल्याशिवाय हा विषय मांडता येत नाही, हे ज्यांनी ही पुस्तके अजून वाचलेली नाहीत त्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहायला मी मोठ्या आशेने जाते आणि दर वेळी हिरमुसून परत येते. कधी एखादे पात्रच गाळलेले असते, कधी एकाच्या तोंडचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलेले असते. घरचे म्हणतात, ‘पुस्तक वेगळे, चित्रपट वेगळा, तू उगाच मनाला लावून घेतेस.’ चित्रपटाने मूळ कादंबरीशी प्रामाणिक राहावे, एवढी अपेक्षा ठेवणे चूक आहे का? – एक वाचक

उत्तर : अपेक्षा मुळीच चूक नाही. घरच्यांचे वाक्य खरे असले, तरी त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मान्य केल्यावरही, एकीतून दुसरीत काय यायला हवे होते हा प्रश्न शिल्लक राहतोच.

अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाला हा प्रश्न अधिक छळतो, यालाही कारण आहे. वास्तववादी कादंबरीतला पाऊस, रस्ता किंवा न्यायालय आपण आपल्या अनुभवातून भरून घेतो, त्यामुळे लेखकाने दोन ओळींत काम भागवले तरी चालते. अद्भुतकथेतल्या देशाला मात्र लेखकाच्या शब्दांखेरीज कशाचाच आधार नसतो. तिथला नकाशा, तिथली भाषा, जादू कुठवर चालते आणि तिची किंमत कोण मोजते, हे सगळे वाचकाने एकेका वाक्यातून गोळा करून मनात रचलेले असते. असा वाचक तपशिलांबाबत काटेकोर असतो तो हट्टीपणामुळे नव्हे, तर त्या जगात तो याच तपशिलांच्या आधाराने वावरलेला असतो म्हणून.

तेव्हा प्रामाणिकपणा हवाच, पण तो नेमका कशाशी हवा, हे ठरवण्यासाठी मी एका अगदी लहान तपशिलाकडे तुमचे लक्ष वेधतो. हॅरी पॉटरचे डोळे हिरवे आहेत आणि ते त्याच्या आईसारखे आहेत, हे कादंबऱ्यांमध्ये पुनःपुन्हा येते. चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे. हिरव्या काँटॅक्ट लेन्स लावून पाहिल्या, पण त्यांचा त्याला त्रास होऊ लागला, म्हणून तो बेत सोडून द्यावा लागला. पुष्कळ चाहत्यांना ही गोष्ट लागली. मला विचाराल तर इथे काहीही बिघडले नाही, कारण हिरव्या रंगावर कथेतले काहीच टेकलेले नव्हते. जे टेकलेले होते ते डोळ्यांच्या साम्यावर. मुलाच्या चेहऱ्यात त्याचा बाप दिसतो म्हणून वर्षानुवर्षे त्याचा दुस्वास करणारा एक शिक्षक आहे, आणि त्याच चेहऱ्यात त्या शिक्षकाने आयुष्यभर जिच्यावर प्रेम केले तिचे डोळे आहेत. मरताना तो मुलाला आपल्याकडे पाहायला सांगतो. सातही पुस्तकांत जपून ठेवलेले रहस्य त्या एका नजरेत उलगडते. आईची भूमिका करणारीचे डोळे निळे असते, तर रंग बदलूनही सारे शाबूत राहिले असते.

आता २०११ साली आलेला शेवटचा चित्रपट आठवा. त्यात तो शिक्षक मरताना मुलाला, तुझे डोळे तुझ्या आईचे आहेत, असे स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि थोड्याच वेळाने त्याच्या आठवणींमध्ये आई लहानपणीच्या रूपात समोर येते, तेव्हा त्या मुलीचे डोळे चक्क तपकिरी दिसतात. त्या बालकलाकाराचा यात काडीचाही दोष नाही आणि तिच्यावर कुणी राग धरू नये. पण हा निर्णय ज्यांचा होता त्यांच्याविषयी चाहत्यांनी केलेली तक्रार शंभर टक्के रास्त होती. हिरवा रंग गेल्याची तक्रार आणि साम्य गेल्याची तक्रार वरवर सारखीच वाटते, पण पहिलीत वाचकाची सवय दुखावलेली आहे, तर दुसरीत कथा.

म्हणून एखादा बदल खटकला की प्रथम एवढेच विचारावे, की या तपशिलावर कथेतले काय टेकलेले होते? उत्तर प्रत्येक वेळी सोपे नसते. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या एल. फ्रँक बॉम यांच्या ऑझ या जादुई देशाच्या कथेत नायिका डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटाने टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात उठून दिसावेत म्हणून ते लाल केले, आणि आज बहुतेकांना लालच आठवतात. टाचा तीन वेळा एकमेकींवर आपटल्या की घरी पोचता येते, हे दोन्हीकडे कायम असल्याने यात तक्रारीला जागा नाही. मात्र याच चित्रपटाने ऑझचा अख्खा प्रवास हे स्वप्न ठरवले, आणि हा बदल मला आजही पचत नाही. पुस्तकात डोरोथी परत येते तेव्हा तिच्यासमोर काकांनी बांधलेले नवे घर उभे असते, कारण जुने घर वादळाने खरोखरच उडवून नेलेले असते. त्या नव्या घराच्या एका उल्लेखाने लेखक सांगून जातो, की ती जिथे जाऊन आली तो देश खरा आहे. जोड्यांचा रंग सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि घर विसरले गेले, याचे मला वाईट वाटते.

रंगाचा तपशील नेहमीच वरवरचा असतो, असा अर्थ मात्र यातून काढू नका. अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहाची पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आणि त्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक सावळे किंवा काळे असतील, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. जादूगार म्हटला की तो गोराच, या रूढ समजुतीला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्या लोकांना बहुतांशी गोरे करून टाकले, आणि ले ग्विन यांनी त्यावर जाहीरपणे लिहून निषेध नोंदवला. हॅरीच्या बाबतीत ज्या रंगावर काही टेकलेले नव्हते, तोच रंग इथे पुस्तकाचा हेतू वाहत होता.

सर्वांत कठीण असतात ते विचारपूर्वक केलेले बदल. टोल्किन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये तीन खंडांत आले आणि पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात त्यावर तीन चित्रपट आणले. टॉम बॉम्बॅडिल हे पात्र त्यांनी गाळले, याची हळहळ अनेकांना आजही वाटते. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. या कथेच्या केंद्रस्थानी घालणाऱ्याला अदृश्य करणारी आणि मोहात पाडणारी एक अंगठी आहे. टॉम ती बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही. तिची त्याच्यावर सत्ताच चालत नाही. पुस्तकात यामुळे ते जग आणखी प्राचीन, आणखी गूढ होते, कारण वाचकापाशी सवड असते. चित्रपटाने मात्र नुकतेच कुठे या अंगठीपुढे कुणाचा टिकाव लागत नाही हे प्रेक्षकाच्या मनावर ठसवलेले असते. तेवढ्यात तिला हसण्यावारी नेणारा माणूस आणला असता, तर ती भीती तिथेच विरली असती.

फारामिरचे काय? पुस्तकातला फारामिर ही अंगठी वाटेत पडलेली सापडली तरी उचलणार नाही असे सांगतो आणि तो शब्द पाळतो. चित्रपटातला फारामिर अंगठी वाहून नेणारा नायक फ्रोडो याला अंगठीसह आपल्या वडिलांकडे न्यायला निघतो, ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत येतो आणि मग त्याला सोडून देतो. एकाने जरी अंगठी सहज नाकारली तरी तिचा दरारा संपतो, हे यामागचे कारण समजण्यासारखे आहे. टॉमला गाळण्यामागेही तोच विचार दिसतो. तरी या वेळी मी चाहत्यांच्या बाजूने उभा राहीन. फारामिरचा थोरला भाऊ बोरोमिर याच मोहाला बळी पडलेला आहे. एकाच बापाचे, एकाच दरबारात वाढलेले दोन मुलगे, एक घसरतो आणि एक घसरत नाही, हे टोल्किन यांनी शेजारी शेजारी मांडले आहे. धाकटाही आधी घसरून मग सावरला, की ते चित्र फिके होते. पण इथे बदल करणाऱ्यांनी पुस्तक नीट वाचले होते, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि असा वाद घालावासा वाटणे हे चांगल्या माध्यमांतराचे लक्षण आहे.

ज्याच्याशी वादही घालता येत नाही, असे उदाहरण म्हणजे २००७चा ‘द गोल्डन कंपास’. फिलिप पुलमन यांच्या ज्या १९९५च्या कादंबरीवर तो आहे, तिच्या शेवटी नायिका लायरा धडपडत आपल्या वडिलांपर्यंत पोचते. आपण त्यांना हवे असलेले यंत्र आणून देत आहोत, असे तिला वाटत असते. प्रत्यक्षात वडिलांना हवे असते एक मूल, आणि ते म्हणजे तिच्यासोबत आलेला तिचा जिवलग मित्र रॉजर. त्याचा बळी देऊन ते दुसऱ्या जगाची वाट उघडतात. हा शेवट चित्रित झालेला असूनही प्रदर्शनापूर्वी काढून टाकला गेला, आणि दोघे मित्र आनंदाने पुढच्या प्रवासाला निघाले आहेत अशा दृश्यावर चित्रपट संपवला गेला. पुढच्या खंडांत लायरा मृतांच्या प्रदेशापर्यंत जाते ती याच मित्राची क्षमा मागायला. नकळत झालेला हा विश्वासघातच काढून टाकल्यावर तिला पुढे चालायला कारण उरत नाही. पुढचे भाग निघाले नाहीत, आणि ही कथा पडद्यावर पूर्ण होण्यासाठी २०१९ साली सुरू झालेल्या मालिकेची वाट पाहावी लागली.

शेवटी तुमच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. चित्रपट पाहण्याच्या आठवड्यात पुस्तक पुन्हा वाचू नका. ताज्या वाचनानंतर आपण पडद्यासमोर मनातल्या मनात पाने उलटत बसतो आणि हुकलेल्या ओळी मोजतो. सहा महिने जाऊ द्या. तेवढ्या काळानंतर जे मनात राहते, ते कथेचे असते. ते पडद्यावर नसेल, तर खुशाल रागवा, आणि का रागावलात हेही लिहा.

प्रश्न : आठ-नऊशे पानांची कादंबरी अडीच तासांत बसत नाही, हे मान्य. मग तिचे सरळ दोन-तीन भाग किंवा मालिका का करू नये? – एक विद्यार्थी

उत्तर : लांबी हे औषध असते, तर हॅरी पॉटरच्या पाचव्या, सर्वांत जाड पुस्तकावरचा चित्रपट सर्वांत मोठा असायला हवा होता, तो १३८ मिनिटांचा आहे आणि त्या मालिकेतल्या छोट्या चित्रपटांमध्ये मोडतो. उलट टोल्किन यांच्या १९३७च्या ‘द हॉबिट’ या आटोपशीर पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले. जागा भरण्यासाठी पुस्तकात नसलेले टॉरिएल हे पात्र आले, लढाया लांबल्या आणि घराच्या ओढीने व्याकूळ होणारा नायक बिल्बो गर्दीत हरवून गेला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. तेव्हा निवड करणे कुणालाच चुकत नाही.

भाग पाडायचेच असतील, तर कात्री कुठे लावली याला अधिक महत्त्व असते. मिखाएल एंडे यांच्या १९७९च्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’वरचा १९८४चा चित्रपट पुस्तकाच्या जवळपास मध्यावर थांबतो. एक पुस्तक वाचता वाचता त्यातल्या जगात ओढला गेलेला मुलगा तिथल्या सम्राज्ञीला नवे नाव देतो, नष्ट होणारे ते जग वाचते आणि सगळे गोड होते. पुस्तकात खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो, कारण त्या जगात मागितलेली प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेमागे त्या मुलाची मूळ आयुष्यातली एकेक आठवण पुसली जाते. आपल्याला हवे ते मिळण्यातच धोका आहे, हे सांगणारा अर्धा भाग सोडून दिल्यावर उरलेली कथा नेमके उलटे सांगू लागते. एंडे या चित्रपटावर इतके नाराज झाले की त्यांनी आपले नाव काढायला लावले.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आधी पुस्तक द्यावे की आधी चित्रपट दाखवावा? – एक पालक

उत्तर : शक्य असेल तर आधी पुस्तक. एकदा नटाचा चेहरा मनात बसला की तो पुसता येत नाही. वाचताना मुलीने स्वतः रंगवलेला चेहरा मात्र चित्रपट पाहिल्यानंतरही काही काळ शाबूत राहू शकतो.

सुरुवात डायना विन जोन्स यांच्या १९८६च्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ने करा. हायाओ मियाझाकी यांनी २००४ साली त्यावर चित्रपट करताना कथानक मोकळेपणाने बदलले आणि पुस्तकात नसलेले एक मोठे युद्ध त्यात आणले, तरीही लेखिकेला तो आवडला. पुस्तक आणि चित्रपट दोन्ही मनापासून आवडू शकतात, हे मुलीला न सांगताच कळेल. कथेतला जादूगार हाउल याच्या घराच्या दाराला रंगांची खूण असलेली मूठ आहे. ती फिरवून जो रंग खाली येईल, त्याप्रमाणे दार वेगवेगळ्या ठिकाणी उघडते. काळा रंग खाली आला की पुस्तकात ते दार वेल्समध्ये, म्हणजे तुमच्या-आमच्या साध्यासुध्या जगात उघडते. चित्रपट पाहताना ती मूठ काळ्या रंगावर फिरेल, तेव्हा पडद्यापेक्षा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहा.