हौसेचा गोठा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांवेरच्या बाजूला आमची एक एकर शेती आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. निवृत्तीनंतर हौसेने चार-पाच माळवी गायी पाळायच्या आहेत. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : दोन गायींनी करा, आणि त्याही गोठा व वैरण तयार झाल्यावरच आणा. माळवी मुळात ओढकामाची जात. काटक आहे, पण दूध दिवसाला तीन-चार लिटरच्या आसपास. घरापुरते दूध आणि शेताला शेणखत एवढी अपेक्षा असेल, तर तिच्यासारखी गाय नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. चिखलात खुरे भिजून मऊ पडतात, बेचक्यात जखम होऊन जंतू शिरतात आणि गाय लंगडू लागते. म्हणून मुरूम भरून गोठा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच घ्या. दर गायीमागे छताखाली ४० चौरस फूट आणि मोकळ्यात ८० चौरस फूट जागा धरा. कोबा ओला असतानाच त्यावर खराटा ओढून रेघा पाडा, कारण गुळगुळीत घोटलेल्या सिमेंटवर गाय हमखास घसरते. गव्हाणीपासून गटाराकडे ४० फुटांना १ फूट उतार पुरे. गवंडी धुवायला सोपे म्हणून जास्त उतार देतात, तो देऊ देऊ नका. शेवटच्या महिन्यांत गाभण गाय त्यावर बसली की मागच्या बाजूला दाब येतो आणि मायांग (योनी-गर्भाशयाचा भाग) बाहेर येण्याची भीती असते.

वैरणीचा हिशेब आधी कागदावर मांडा. साडेतीनशे किलोच्या गायीला रोज १५ किलो हिरवा चारा आणि ५ किलो भुसा, म्हणजे वर्षाला १८ क्विंटल भुसा. गहू निघाला की एप्रिलमध्येच वर्षाचा भरून ठेवा. नंतर भाव चढतो आणि पावसात भिजलेल्या भुशाला बुरशी येते. बुरशीचा भुसा थोडाही घालू नका. सोयाबीनचा भुसा आपल्याकडे मुबलक, पण तो खरखरीत. गव्हाच्या भुशात तिसरा हिस्सा मिसळा. हिरव्यासाठी पाव एकर नेपियर गवत लावा. आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) पोटापुरते एक किलो, शिवाय दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. त्यात ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ रोज, भाकड गायीलासुद्धा.

प्रश्न : सकाळी बरसीमचा हिरवा चारा खाल्ल्यावर गायीचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. असे का होते?

उत्तर : कोवळ्या, दवाने ओल्या बरसीमचा पोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही आणि डावी कूस वर येते. गायीचे पुढचे पाय उंचवट्यावर राहतील अशी तिला उभी करा. अर्धा लिटर गोडेतेलात ३० मिली टर्पेंटाइन घालून हळूहळू पाजा. पाजताना मान फार वर ओढू नका, तेल फुप्फुसात गेले तर गाय दगावते. गाय खाली बसली किंवा जीभ काढून धापा टाकू लागली, तर तेलाची वाट पाहू नका, तत्काळ पशुवैद्याला बोलवा. पुढे बरसीम कापून चार-पाच तास सुकू द्या, आधी भुसा खाऊ घाला आणि मग भुशात मिसळूनच द्या.

प्रश्न : गाय माजावर आल्यावर रेतन कधी करावे?

उत्तर : माज सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. देशी गायी पुष्कळदा हंबरत नाहीत. शेपटीला चिकटलेला, अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ लोंबता सोट (चिकट स्राव) हीच खूण. तो पिवळसर किंवा पुवासारखा असेल तर रेतन थांबवून आधी उपचार करा. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा आणि २१व्या दिवशी पुन्हा माज दिसतो का ते पाहा.