उंटही रवंथ करतो, मग तो गायीचा भाऊबंद का नाही?

तुम्ही विचारलंय की गाय, म्हैस, हरीण, जिराफ रवंथ करतात म्हणून एका कुळातले, मग उंट बाहेर का, आणि हे जीनोमवरून कळतं कसं?

मी जुहूचा. चौपाटीवरचा उंट गिऱ्हाईक नसलं की तोंड आडवं हलवत बसलेला असायचा. त्याच वाळूवर जानेवारी २०१६ मध्ये मेलेला देवमासा वाहून आला. या दोघांत गायीचा जवळचा नातेवाईक देवमासा.

जीनोममध्ये, म्हणजे जिवाच्या सगळ्या डीएनएमध्ये, काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात आणि बसले की सहसा हलत नाहीत. आमच्या आडनावात आजोबांच्या रेशनकार्डावर चुकून पडलेला एक काना माझ्या आधारकार्डापर्यंत आलाय. तोच काना दुसऱ्या कुणाच्या कागदावर दिसला तर तो आमच्या भावकीतलाच, वेगळं विचारायला नको. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये असे तुकडे गाय, पाणघोडा आणि देवमाशात नेमक्या त्याच जागी दाखवले. उंटात आणि डुकरात त्या जागा रिकाम्या. म्हणजे उंटाचा फाटा आधीच फुटला होता. त्याच्या पोटाला कप्पेही तीनच, गायीला चार.

मग रवंथ दोघांकडे कसं? गरज एक असली की तोडगाही सारखाच निघू शकतो. याचं माझं आवडतं उदाहरण लायसोझाइम हे विकर (एन्झाइम). आपल्या अश्रूंत असतं ते, जिवाणूंची भिंत फोडणारं. गायीच्या पहिल्या कप्प्यात जिवाणू चारा आंबवतात आणि पुढे चौथ्या, आम्लाच्या कप्प्यात गाय त्या जिवाणूंनाच पचवते. (शुद्ध शाकाहारी वगैरे आपण म्हणायचं!) त्यासाठी आम्लात टिकणारं लायसोझाइम लागतं. माणसात याचं एक जनुक, गायीत दहाच्या आसपास, आणि त्यातली काही थेट पोटातच कामाला लागलेली. गंमत म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाला खाणाऱ्या काळतोंड्या वानराच्या पोटातल्या लायसोझाइममध्येही काही बदल अगदी गायीसारखेच झालेत. वानर कुठे, गाय कुठे!

२०१९ मध्ये ४४ रवंथी जातींचे नवे जीनोम एकदम प्रसिद्ध झाले, त्यातही असंच निघालं. कस्तुरीमृगाला आणि चिनी पाणहरणाला शिंगं नाहीत. दोघांतही शिंगांशी संबंध असलेलं आरएक्सएफपी२ हे जनुक मोडलेलं, पण प्रत्येकात स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या तऱ्हेने.