अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉपवर मराठी-गुजराती नोट्ससाठी पटकन उघडणारं, फुकट ॲप कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात राहता, नोट्स बहुतेक मराठीत आणि अधूनमधून गुजरातीत असतात, सध्या सगळं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवता आणि नंतर काही सापडत नाही. ॲप फुकट हवं आणि उघडायला वेळ लागता कामा नये.

किराणा, बिलं, नंबर, पत्ते, सुचलेली एखादी ओळ एवढाच पसारा असेल तर गूगल कीप हे गूगलचं नोट्सचं ॲप घ्या. लांब मजकूर लिहिणार असाल, चार-पाच वर्षांनीही तो हाताशी हवा असेल, तर कीप फक्त टिपून घ्यायला वापरा आणि साठवायला जॉपलिन किंवा ऑब्सिडियन यांपैकी एक नोट्सचं ॲप ठेवा. एकाच ॲपमध्ये दोन्ही कामं बसवायचा हट्ट धरला की पंचाईत होते, कारण पटकन उघडणारी ॲप्स मोठ्या मजकुराला कच्ची आणि मोठ्या मजकुराची ॲप्स उघडायला जड.

व्हॉट्सॲप आधी सोडा. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे खंडेराव मार्केटमधून आणायच्या भाजीची यादी वाढवायची म्हटली की नवा मेसेज, संध्याकाळी आणखी एक, आणि एकच यादी चार तुकड्यांत.

वेग मोजायचा तो फोन अनलॉक केल्यापासून कर्सर दिसेपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं यावर. कीपचं चिन्ह दाबून धरलं की छोटा मेनू येतो. त्यातली नवी टेक्स्ट नोट किंवा नवी यादी ओढून होम स्क्रीनवर सोडा. मग एका टॅपमध्ये थेट कोरी नोट. नोशन हे नोट्सचं ॲपही वैयक्तिक वापराला फुकट आहे आणि त्यात काय काय करता येतं ते बघून माणूस भुलतो, पण ‘दूध, मीठ’ लिहायला त्याची पानं उघडत बसण्यात अर्थ नाही. एव्हरनोट या जुन्या ॲपच्या फुकट खात्यात डिसेंबर २०२३ पासून फक्त ५० नोट्स आणि एकच वही मिळते, म्हणजे महिन्याभरात भिंतीला टेकाल.

इंटरनेट नसताना काय होतं हे निवडण्याआधी तपासा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, बऱ्याच भागांत लाईट गेली. अशा वेळी डॉक्टरांचा नंबर इंटरनेटवरच्या ढगात (क्लाउडमध्ये) अडकलेला असून चालत नाही. फोन विमान मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, जुनी एक नोट आणि फोटो असलेली एक नोट उघडून बघा. कीपचं फोनवरचं ॲप नेटशिवाय नोट्स दाखवतं आणि नवी लिहूही देतं. लॅपटॉपवर मात्र कीप ब्राउझरमध्येच चालतं. क्रोमसाठीचं वेगळं ॲप गूगलने २०२१ मध्ये बंद केलं. जॉपलिन आणि ऑब्सिडियन दोन्हीकडे नेटशिवाय चालतात.

फोनवर लिहिलेलं लॅपटॉपवर उशिरा दिसतं, ही तक्रार बहुतेक वेळा ॲपची नसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स गोठवतात. सेटिंग्ज, ॲप्स, कीप, बॅटरी असं जाऊन तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. तरी अडलं तर ॲप उघडून यादी वरून खाली ओढा.

आता खरी गोम. मराठीत लिहिलेलं पटकन सापडणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ॲप्सचा आढावा घेणाऱ्या इंग्रजी लेखांत तिचा उल्लेखही नसतो. ‘ॲम्ब्युलन्स’मधला पहिला ॲ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, एक स्वतंत्र अक्षर आहे, काही कीबोर्ड मात्र साधा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं टाकतात. ‘तिसऱ्या मजल्याचं भाडं’ यातला ऱ्याही दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ॲपचा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवत असेल, तर फोनवर एका कीबोर्डने लिहिलेलं लॅपटॉपच्या दुसऱ्या कीबोर्डने शोधल्यावर सापडत नाही आणि नोट उडाली असं वाटतं. त्यासाठी नवीन ॲप घेतल्यावर पहिल्याच दिवशी फोनवर ‘तिसऱ्या’ आणि ‘ॲम्ब्युलन्स’ असलेली नोट लिहा, लॅपटॉपवरून शोधा, मग उलट करून बघा. सापडली नाही तर दोन्हीकडे सारखंच टंकणारे कीबोर्ड निवडा, किंवा शीर्षकात असा एखादा शब्द घाला ज्यात ही अक्षरंच नाहीत.

आकड्यांचंही तेच. वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक, गॅसचा क्रमांक, वेराबिलाचा (महापालिकेच्या कराच्या बिलाचा) क्रमांक हे नेहमी इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी आकड्यांत लिहिलेला नंबर शोधात चुकतो, बिल भरण्याच्या पानावर चिकटवला तर बहुधा स्वीकारला जात नाही, आणि फोन नंबर असेल तर त्यावर बोट लावून फोनही लागेल याचा भरवसा नाही.

गुजरातीसाठी वेगळी युक्ती लागते. देवनागरीत ‘वेरा’ शोधलं तर गुजराती लिपीतला ‘वेरो’ कुठलंच साधं शोधयंत्र आणून देणार नाही. गुजराती मजकुराच्या नोटला शीर्षक मराठीत द्या, एवढं पुरतं. जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये) मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तीनच कीबोर्ड ठेवा. हिंदी काढून टाका, नाहीतर पृथ्वीगोलाच्या बटणावर बोट मारत बसाल. स्पेसबार दाबून धरला तर यादीतून थेट निवडता येतं. बोलून लिहिताना कीबोर्ड मराठीवर आहे ना हे आधी बघा, नाहीतर ‘आणायचंय’चं काय होईल सांगता येत नाही.

कीपच्या मर्यादाही लक्षात असू द्या. एका नोटमध्ये साधारण वीस हजार चिन्हं मावतात. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र मोजली जात असल्याने मराठीत ती अडीच-तीन हजार शब्दांतच संपतात. लेबलं ५० च्या वर करता येत नाहीत. कचऱ्यात टाकलेली नोट सात दिवसांनी कायमची जाते, त्यामुळे नको असलेलं पुसण्यापेक्षा आर्काइव्हमध्ये टाकायची सवय बरी. एखाद्या नोटला वेगळं कुलूप लावायची सोय नाही. पासवर्ड, पिन, आधारचा फोटो यांतलं काहीही त्यात ठेवू नका. पासवर्डसाठी बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपचं फुकट खातं पुरेसं आहे. खाजगी लेखन असेल तर स्टँडर्ड नोट्स: फुकट खात्यात साधाच मजकूर लिहिता येतो, पण तो तुमच्या फोनमधून बाहेर पडण्याआधीच कुलूपबंद होतो.

जॉपलिन की ऑब्सिडियन? बहुतेक वेळा फोनवरच लिहिणार असाल आणि लॅपटॉपशी मेळ फुकटात हवा असेल तर जॉपलिन. ते ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवर सिंक होतं. वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी जागा नुसत्या मजकुराला आयुष्यभर पुरेल. एकच नोट दोन्हीकडे एकाच वेळी बदललीत तर जॉपलिन एक प्रत ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वहीत टाकतं. घाबरून ती पुसू नका, आधी वाचून बघा. एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करायची सोय) चालू केलंत तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, तो हरवला तर कोणीच मदत करू शकत नाही. मुख्यतः लॅपटॉपवर लिहिणाऱ्याने ऑब्सिडियन घ्यावं. त्याच्या नोट्स म्हणजे साध्या फोल्डरमधल्या साध्या फायली, नोटपॅडनेही उघडतात. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी मजकूर कुठे जात नाही. त्याचं स्वतःचं सिंक मात्र पैसे घेतं.

कीपमधून नंतर बाहेर पडावं लागलं तर गूगल टेकआउट (गूगलकडचा आपला मजकूर उतरवून घ्यायचं पान) उघडा, आधी सगळ्या सेवांवरच्या खुणा काढा, फक्त कीपवर खूण ठेवा आणि एक्स्पोर्ट तयार करा. डाउनलोडची लिंक मेलवर येते, ती काही दिवसांतच संपते, म्हणून लगेच उतरवून घ्या. झिपमध्ये प्रत्येक नोटची एक एचटीएमएल आणि एक जेसन फाइल असते. पहिली ब्राउझरमध्ये वाचता येते. ऑब्सिडियनमध्ये न्यायचं असेल तर झिप उघडण्याची गरज नाही, त्याचं इम्पोर्टर नावाचं प्लगइन (ॲपला जोडायचं छोटं साधन) ती तशीच घेतं. वर्षातून दोनदा एवढं करून झिप पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.