महाबळेश्वरचा वेण्णा तलाव गोठल्यावर बर्फाला भोक पाडून ट्राउट धरता येतील का?

नाही, कारण वेण्णा तलाव गोठतच नाही, आणि ट्राउट हा काश्मीर-हिमाचलच्या गार पाण्यातला मासा. थंडीत जे फोटो फिरतात ते गवतावर, गाडीच्या टपावर, जेटीच्या फळ्यांवर गोठलेल्या दवाचे असतात. निरभ्र रात्री उघड्यावरच्या वस्तू हवेपेक्षाही गार होतात, म्हणून तेवढं घडतं. पाणी मात्र ४ अंशांना सगळ्यात जड होऊन खाली जातं, त्यामुळे अख्खा तलाव तितका निवल्याशिवाय वर पापुद्रा धरत नाही. साताऱ्याकडचं दुपारचं ऊन ते होऊ देत नाही.

कॅनडा-अमेरिकेत कुणाकडे जाणार असाल तर हौस जरूर भागवा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सरकारी सूचनेप्रमाणे पायी जायला निदान ४ इंच नितळ बर्फ लागतो, दुधाळ पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. एकट्याने जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर आलात त्याच बाजूला वळा, पाय मारत पोटावर वर या आणि लोळत लांब जा. लगेच उभे राहिलात तर पुन्हा आत. शिवाय ४ इंच एका जागी मिळाले म्हणून सगळीकडे असतील असं नाही. ओढा तलावाला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो, म्हणून पुढे जाताना भोक पाडून मोजत राहायचं.