डब्याच्या वेबसाइटची टेस्ट: माणसं कोणती घ्यावीत?

प्रश्न असा: घोडबंदर रोडला घरगुती डब्याची वेबसाइट आहे, पर्सोना (ग्राहकांचे कल्पित नमुने) तीन तयार आहेत, युजेबिलिटी टेस्टला, म्हणजे साइट वापरताना लोक कुठे अडतात ते बघायला, कोणाला बसवायचं?

'राहुल, वय २८, आयटीत, कॉफी आवडते' अशा पर्सोनावरून माणूस निवडता येत नाही. वागणूक धरा: डबा स्वतःसाठी की आईवडिलांसाठी, महिन्याचा की अडीनडीला, पैसे यूपीआयने की रोख. यावरूनच फोनवर चाळणी लावा. फक्त 'ऑनलाइन मागवता का?' विचारलंत तर सगळे हो म्हणतात. 'शेवटचा डबा कधी, कुठून मागवलात?' असं विचारा.

आकड्याचं म्हणाल तर युजेबिलिटीतले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला पाच जणांचा हिशेब (पाच जणांवर टेस्ट केली की बहुतेक अडचणी दिसतात) एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी आहे. तुमचे तीन गट खरंच वेगळे असतील तर प्रत्येकी तीन पुरतात. मग दुरुस्ती, मग पुन्हा टेस्ट.

मित्र, चुलतभाऊ नकोतच, ते मन राखतात. आमच्या एका टेस्टला नौपाड्यातल्या काकू आल्या होत्या. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर फॉर्म कोरा! दोनदा पत्ता लिहिला, मग चष्मा काढून म्हणाल्या, "त्यापेक्षा मी फोनच करते ना." आमच्या एकाही पर्सोनात हे नव्हतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाका, तासाभराचे पैसे द्या आणि एखादा जण जास्तीचा बोलावून ठेवा. पावसाळ्यात घोडबंदरवर कोण कुठे अडकेल, सांगता येत नाही.