रस्त्याकडचा एक एकर

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातला चार एकरवाला कास्तकार आहे. मुलगी बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला. वय २०, सीजीपीए ७.४, उंची पाच फूट तीन इंच (पीएसआयला चालते असे कळले). यंदाच्या सुट्टीपासून तिला पुण्याला एमपीएससीचा क्लास लावायचा आणि पदवी झाल्यावर दोन वर्षे तिथेच ठेवायचे, असे मी ठरवले आहे. पैशासाठी रस्त्याकडचा एक एकर विकायला काढायची तयारी आहे. पण ती म्हणते, मे-जूनमध्ये वर्ध्याकडच्या एका संस्थेत आठ आठवडे इंटर्नशिप करते. महिना सहा हजार आणि राहायची सोय. काम काय, तर लहान शेतकऱ्यांच्या वावरात फिरून माती गोळा करणे, बियाणे तपासणे, वाणांचे पट्टे पेरून देणे, गावात बैठका घेणे. वावर तर ती जन्मापासून पाहते, आणि पुढच्या सत्रात कॉलेजच्या ‘रावे’ या कार्यानुभवात हे सगळे होणारच आहे. वावरात राबाले मी पोरीले शिकवलं नाई जी. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा.

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना इंटर्नशिपबद्दल काय लिहायचं याची जुळवाजुळव चालली होती. दुसऱ्यांदा त्या ‘रस्त्याकडचा एक एकर’पाशी अडकले ते अडकलेच.

चारातला एक, आणि तोही रस्त्याकडचा. ट्रॅक्टर, मळणीयंत्र जिथून आत शिरतं, आणि ज्याला उद्या भाव येईल म्हणून शेजारी आजच डोळा ठेवून असेल, तो. तुम्ही मात्र तिची उंची लिहिली तितक्याच सहज तो एका ओळीत काढून मोकळे झालात. जरा तिच्या जागी बसून बघा. पुण्यातल्या कॉट-बेसिसच्या खोलीत पहाटे पुस्तक उघडलं की तिला आधी तो एकर दिसणार. पूर्व परीक्षेत चार गुणांनी राहिली तर दुसरी मुलगी म्हणेल, राहिली, पुढच्या वेळी बघू. तुमची मुलगी म्हणेल, बापाचं वावर बुडवलं. अशी मुलं माझ्याकडे येतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हुशार, सगळे चालू घडामोडींचे अंक पाठ असलेली. पोळ्याला घरी जात नाहीत, कारण बाप काही विचारणार नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि तेच सहन होत नाही. अभ्यासात कमी पडलेली मुलं यांत थोडी. घरच्यांनी आपल्यासाठी काय मोडलं हे रोज मोजत बसल्यामुळे खचलेलीच फार.

तेव्हा एकर विकायचा विचार आज तरी सोडा. पोरीला वावरापासून वाचवायला वावर विकायचं, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरं खटकलं ते शेवटचं वाक्य. ‘तिला समजावून सांगा.’ तुम्ही तिचं वय लिहिलंत, गुण लिहिले, उंचीसुद्धा लिहिलीत. ही इंटर्नशिप तिला का करायची आहे, ते पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलं नाही, की तिनं सांगितलं आणि लिहावंसं वाटलं नाही? तुमचेच शब्द माझ्या तोंडून तिच्या कानावर घालायचे असतील, तर ते काम मी करणार नाही.

परीक्षांचं एका ओळीत उरकते. राज्यसेवा, कृषी सेवा, बँकेची कृषी अधिकारी परीक्षा, एम.एस्सी.ची सीईटी, या सगळ्या वाटा तिला पदवीनंतर खुल्या आहेत आणि आठ आठवड्यांत त्यातली एकही बंद होत नाही.

आता तुमच्या पत्रातला खरा गैरसमज. तो तुमचा एकट्याचा नाही, कॉलेजातल्या कित्येक मुलांचाही आहे. वावर जन्मापासून पाहिलं म्हणजे शेतीचं संशोधन कळलं, आणि रावेत प्रात्यक्षिक दिलं म्हणजे ते झालं, असं सगळे धरून चालतात. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. मुलं गटानं गावात राहतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, आणि चार दिवसांनी पेपरात ‘कृषिकन्यांनी दिले प्रात्यक्षिक’ छापून येतं. मी नावं ठेवत नाही. त्यातून मुलींना चारचौघांत बोलायचा धीर येतो, हेही थोडं नाही. पण तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते करून दाखवायचं एवढंच. संशोधनात उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. समजा, गेल्या साली तुम्ही सोयाबीनचं नवं वाण पेरलं आणि जुन्यापेक्षा एकरी दोन पोती जास्त झाली. तुम्ही म्हणणार, वाण चांगलं. पण नवं पेरलं नाल्याकडच्या भारी जमिनीत आणि जुनं धुऱ्याकडच्या हलक्या बरडात. मग जास्त पिकलं ते वाणामुळे की जमिनीमुळे? हे सोडवायचं तर दोन्ही वाणं भारीतही आणि बरडातही शेजारी-शेजारी पट्ट्यांत पेरावी लागतात, एकाच दिवशी, एकाच खतावर. काठाच्या ओळी सोडून मधल्या सोंगायच्या, पट्टा पट्टा वेगळा मळायचा, वजन करून लिहून ठेवायचं. आणि हे एका वावरात करून भागत नाही, वेगवेगळ्या कास्तकारांच्या आठ-दहा वावरांत करावं लागतं, तेव्हा कुठे ‘वाण चांगलं’ म्हणायचा हक्क येतो. तुमच्या मुलीनं वावर पाहिलंय. वावराला प्रश्न कसा विचारायचा, ते अजून शिकायचं आहे.

आणि हा प्रश्न तुमच्याच वावरात का विचारायचा? कारण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे संशोधनाच्या शेतावर, जमीन सपाट, पाणी हाताशी, डवरणी वेळच्या वेळी. तुमच्याकडे डवरणी होते ती बैलजोडी मिळेल तेव्हा. सरकार २ हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे ५ एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला लहान शेतकरी धरतं, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राची सरासरी धारणाच १.३४ हेक्टर निघाली. चार एकरवाले तुम्ही सरासरीच्या थोडे वरच आहात. प्रक्षेत्रावर जमलेलं तुमच्याकडे जमेल का, हे बघायला कुणीतरी तुमच्या धुऱ्यावर उभं राहायलाच हवं.

चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत असतील. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत गेले. तो धान पुढे एचएमटी म्हणून घरोघरी गेला. नाव तेव्हाच्या घड्याळावरून. दादाजींच्या हाती पैसा फारसा लागला नाही, ते विदर्भाला ठाऊक आहे. इथे त्यांची आठवण काढली ती एवढ्यासाठी की त्या लोंब्या त्या साली बांधीवरून जाणाऱ्या आणखी कुणाला दिसल्या नसतील असं थोडंच आहे.

गावात बैठका घेणं म्हणजे टाइमपास, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. खरंच टाइमपास असलेल्या बैठका मी पाहिल्यात. फलक, सतरंजी, प्रास्ताविक, आभार, चहा. पण चांगल्या विस्तार कार्यात, म्हणजे शेतीचं ज्ञान गावापर्यंत नेण्याच्या कामात, सांगण्यापेक्षा विचारणं जास्त असतं. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरा, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि पावसानं खंड दिला तर ओल टिकते, हे प्रत्येक शेतीशाळेत सांगतात. त्यात खोटं काही नाही. तरी तुमच्या गावातले किती जण तसं पेरतात? कारण विचाराल तर ते बहुतेक वेळा अडाणीपणाच्या आसपासही सापडत नाही. असं पेरणारं बीबीएफ यंत्र गावात एक. ज्याच्या ट्रॅक्टरला आहे तो आधी आपलं पेरणार, मग भावकीचं. तुमची पाळी येईस्तोवर वापसा निघून गेलेला. किंवा बियाणं कोणतं घ्यायचं हे कृषी केंद्रवाला ठरवतो, कारण उधारी त्याची. ज्या मुलीला हे असं खोदून काढता येतं ती पुढे बँकेत कृषी अधिकारी झाली, शेतकरी उत्पादक कंपनीत गेली, कृषी विज्ञान केंद्रात लागली, की एमपीएससीच्या मुलाखतीला बसली, तरी वेगळी उठून दिसते.

हे सगळं लिहिलं म्हणून इंटर्नशिप या शब्दावर माझा फार भरवसा आहे असं समजू नका. शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. गेल्या वर्षी एका मुलानं मला झकपक सर्टिफिकेट दाखवलं. दोन महिने काय केलंस, विचारलं, तर द्रवरूप खताच्या बाटल्या मामाला, काकाला आणि मावशीच्या दिराला खपवल्या. दुसरी एक मुलगी उन्हातान्हात मोबाईलवर लांबलचक फॉर्म भरत फिरली. त्या माहितीचं पुढे काय झालं, ते तिलाही कळलं नाही आणि माहिती देणाऱ्यांनाही नाही. म्हणून संस्थेला एक फोन करा, तुम्ही दोघं मिळून. रोजचं मार्गदर्शन कोण करणार, त्या माणसाचं नाव विचारा. मातीच्या तपासणीचे निकाल ज्याची माती त्याच्या हातात देणार का, विचारा. राहायची खोली कुठे, सोबत आणखी मुली किती, गावोगाव जायला गाडी कुणाची, संध्याकाळी परत कधी, हे बापानं विचारायचे प्रश्न आहेत, ते विचारताना लाजू नका. आणि फवारणीचं काम तिच्याकडे येणार नाही, हे स्पष्ट करून घ्या. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको. उत्तरं गुळमुळीत आली तर मीच म्हणेन, पाठवू नका. मग तिनं कॉलेजचं शिफारसपत्र घेऊन यवतमाळच्या किंवा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा मृदा सर्वेक्षण ब्युरोत एखाद्या शास्त्रज्ञाला अर्धं पान स्वतः लिहावं. जाहिरातीची वाट बघत बसू नये.

या इंटर्नशिपमध्ये एक खरा दोष आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या आक्षेपांत नेमका तोच नाही. मे-जूनमध्ये माती गोळा करता येते, बियाण्याची उगवण तपासता येते, पेरणी होते. पण पट्टे पेरून ती परत येणार आणि सोंगणी दसऱ्याच्या आसपास. ज्या प्रश्नासाठी उन्हात फिरली त्याचं उत्तर तिला बघायलाच मिळणार नाही. तिनं संस्थेकडून आताच कबूल करून घ्यावं की सोंगणीला चार दिवस बोलावतील आणि वजनाचे आकडे तिच्या हातात पडतील. नाहीतर हीसुद्धा मोठी रावेच.

पैशाबाबत तुम्हाला अंधारात ठेवत नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो, बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. सरकारी नोकरीची तुमची ओढ मला कळते. तिलाही कदाचित शेवटी तीच हवी असेल. तेवढ्यासाठी पुण्यालाच जायला पाहिजे असं नाही, आणि पदवीच्या आधी तर नाहीच.

मेमध्ये ती निघायच्या आधी तिच्याकडून एक काम करून घ्या. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं असेल, तर त्यातले १०० दाणे न निवडता मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्यानं उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो पेरायचं, ६० निघाले तर ३५. त्याहून बरेच कमी निघाले तर ते बियाणं म्हणून धरू नका. शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही तिला तपासून देऊ द्या. ओट्यावर बसून ती लोकांशी कशी बोलते, न उगवलेल्या दाण्यांचं कारण शोधायला कशी धडपडते, ते जरा लांबून बघा. मी कितीही पानं लिहिली तरी तेवढं तुम्हाला कळणार नाही.

आणि त्या एकराचं. कृषी विभाग असो, विद्यापीठ असो की संस्था, प्रात्यक्षिकाचा प्लॉट घ्यायचा असला की सगळे रस्त्याकडचं वावर शोधतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं म्हणून. तुमच्याकडे ते आहे. यंदा त्यात कोणतं वाण कुठल्या पट्ट्यात पेरायचं, तिला विचारा.